पान कापलं की दोन होतात

हिरव्या घोटीव कागदातून एक पान कापा. पान हातात आलं की उरलेला कागद लगेच टाकू नका, जरा उजेडाकडे धरा. त्यातही एक पान आहे, हवेचं. तेवढंच लांब, तेवढंच बाकदार, देठाशी तेवढंच तिरकं. कात्री एकदाच फिरली आणि पानं दोन झाली.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी मुलं जमली होती. त्यांच्यात सगळ्यात धाकटी, सहा वर्षांची भाची. हे आधी तिला दिसलं. मी तिच्या पानाचं कौतुक करत होते आणि ती भोकाला डोळा लावून माझ्याकडे बघत होती. "मावशी, आणि हे पान कोणाचं?"

गेल्या शतकातल्या एका मोठ्या चित्रकाराने आयुष्याची शेवटची दहा-बारा वर्षं जवळपास याच प्रश्नापायी घालवली. त्याचं नाव आंरी मातीस. (थोरल्या भाच्याने लगेच विचारलं, "मातीस म्हणजे मातीला ना?" त्याची चतुर्थी पक्की आहे.) मातीसचं 'जॅझ' नावाचं पुस्तक १९४७ साली पॅरिसमध्ये निघालं. त्यात वीस रंगीत चित्रं आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव नुसतं 'आकार' असं आहे. शेजारीशेजारी दोन धडं. एक निळं, दुसरं निळ्यातून काढून घेतल्यावर उरलेलं पांढरं. दोन्ही सारख्याच मानाने मांडलेली. कापलेलं खरं आणि उरलेलं कचरा, असा भेद तिथे नाहीच.

आपल्याकडे हे शंकरपाळे करणाऱ्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. पोळी लाटायची, कातणं फिरवायचं, मधले चौकोन ताटात. कडेचे वेडेवाकडे तुकडे मात्र मुलं आधी पळवतात, कारण त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नसतो.

मातीसचा जन्म १८६९ सालच्या ३१ डिसेंबरचा, उत्तर फ्रान्समधला. वाढला तो बोएँ नावाच्या विणकरांच्या गावात, मागांच्या खडखडाटात. वकिलीचं शिक्षण घेऊन कचेरीत कारकुनी करू लागला. विशीत अपेंडिक्सच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा वेळ जावा म्हणून आईने रंगांची पेटी आणून दिली आणि वकिली सुटली ती सुटलीच. पुढची चाळीस-पन्नास वर्षं त्याने तैलरंगांत काय काय केलं, हा मोठा विषय आहे, तो आज नको. आपल्याला हवा आहे तो १९४१ सालचा जानेवारी. लिआँच्या रुग्णालयात आतड्याच्या कर्करोगावर त्याची शस्त्रक्रिया झाली. तो वाचेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. वाचला, तेव्हा तिथल्या नन्सनी त्याचं नाव ठेवलं 'मेलेल्यातून उठलेला'. उठला खरा, पण पूर्वीसारखं तासन् तास चित्रफळ्यासमोर उभं राहणं संपलं. उरली चाकांची खुर्ची, पलंग आणि कात्री.

कात्री त्याला नवी नव्हती. १९३० नंतर अमेरिकेतल्या बार्न्स संग्रहासाठी तो नाचणाऱ्या आकृत्यांचं एक प्रचंड भित्तिचित्र करत होता. एखादी आकृती वीतभर सरकवायची म्हटलं तरी सगळं खरवडून पुन्हा रंगवावं लागे. म्हणून त्याने रंगवलेले कागद कापून टाचण्यांनी लावायला आणि सरकवून बघायला सुरुवात केली. तेव्हा कागद म्हणजे शिंप्याचा कच्चा टाका होता, पक्की शिवण बसली की उसवून टाकायचा. वीस वर्षांनी त्याच कच्च्या टाक्याचं त्याने वस्त्र केलं, हे मला त्या ऑपरेशनमधून वाचण्याइतकंच नवलाचं वाटतं.

त्याच्या खोलीत काम चाले ते असं. मदतनीस पांढऱ्या कागदाच्या तावांवर गवाश रंगाचे सपाट हात मारत. एका तावाला एकच रंग. गवाश हा जलरंगाचा जाडजूड भाऊ. रंगाची पूड जास्त, खालचं काही दिसू न देणारा, वाळल्यावर बिनचकाकीचा. रंग धरून ठेवतो तो बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. आपल्या मुलांच्या दप्तरातला पोस्टर कलर त्याचा जवळचा नातेवाईक आहे. ताव वाळले की मातीस ते मांडीवर घेई आणि कापू लागे, आधी पेन्सिलीने काही न आखता. सैबेरियातून आलेली त्याची सहायक लिदिया देलेक्तोर्स्काया आणि इतर मदतनीस मुली तुकडे भिंतीवर टाचत. तो खुर्चीतून सांगे: थोडं वर, जरा डावीकडे, आणखी तिरकं, नको, पहिलं होतं तसंच. आज संग्रहालयांत त्या कागदांकडे जवळून पाहिलं की टाचण्यांची भोकं दिसतात. काही तुकड्यांना कितीतरी. तेवढ्या वेळा विचार बदलला, त्याची ती नोंदवहीच.

तयार रंगीत कागद बाजारात मिळत असताना हा रंगवण्याचा खटाटोप कशाला? मुलांनीही हेच विचारलं आणि मी वाद न घालता दोन तुकडे पुढे ठेवले, एक दुकानातल्या घोटीव कागदाचा, एक त्यांनी स्वतः रंगवलेल्या कागदाचा. घोटीव निळा इकडून तिकडे एकसारखा. रंगवलेला निळा कुठे दाट, कुठे विरळ, ब्रशचे फराटे एका दिशेने धावणारे. कापलेला तुकडा फिरवला की फराट्यांचीही दिशा फिरते आणि सपाट कागदात हालचाल शिरते. 'जॅझ'मधली चित्रं छापताना कापलेल्या आकारांचे साचे करून त्यांतून तेच गवाश रंग भरले होते. आकार आला, रंगही आला, तरी मातीस नाराजच. मूळ कागदांतली नाजूक हालचाल छापात उतरली नाही, असं त्याला वाटे.

आता कात्रीकडे येऊ. चित्र काढताना आपण एरवी काय करतो? आधी रेघ, मग रंग. आंबा आखायचा, मग त्यात पिवळा भरायचा, आणि डोक्यावर उभं राहून कोणीतरी म्हणायचं, "रेघेबाहेर जाऊ देऊ नकोस." रेघ मोठी की रंग मोठा, यावर युरोपातले चित्रकार शतकानुशतकं भांडले. फ्लोरेन्सवाले रेघेच्या बाजूचे, व्हेनिसवाले रंगाच्या. मातीसने रंगवलेल्या कागदात कात्री घातली आणि भांडण मिटलं, कारण पातं जिथून जातं तिथेच रेघ तयार होते आणि त्याच क्षणी रंगाची हद्दही ठरते. दोन कामं उरतच नाहीत. रेघेबाहेर जाणार कुठे? बाहेर म्हणजे दुसरा कागद. शिल्पकार दगडात थेट छिन्नी घालतो तसं हे रंगात कोरणं आहे, असं तो स्वतः म्हणत असे.

मुलांना एकच गोष्ट आधी शिकवावी लागली. कात्री फिरवायची नसते, कागद फिरवायचा असतो. कात्रीचा हात अंगाजवळ स्थिर, पाती पुढे, आणि दुसरा हात कागदाला वळवत भरवत राहतो. दोन हात, दोन वेगळी कामं, आणि दोघांचा ताल जुळला तरच वळण गोल येतं. दुसरी गोष्ट त्यांची त्यांनाच सापडली. पाती टोकापर्यंत मिटली की कडेला खाच पडते. पूर्ण मिटू न देता अर्धी उघडी ठेवून पुढे सरकवली की कागद सुळसुळत कापला जातो. मातीसच्या हातात भलीमोठी लांब पात्यांची कात्री असे आणि त्याच्या वळणांत खाचा क्वचितच. पाचव्या-सहाव्या प्रयत्नात भाच्याची कात्री अशी सुळसुळली तेव्हा तो थांबलाच नाही. ताव संपेपर्यंत कापत गेला. हातात आलेल्या आकाराला नाव नव्हतं, आणि त्याला ते नकोही होतं.

कोलाज हा शब्द फ्रेंचमधल्या चिकटवण्याच्या क्रियापदावरून आला. १९१२ साली पिकासो आणि ब्राक यांनी चित्रात वर्तमानपत्राचे, भिंतीला लावायच्या कागदाचे तुकडे चिकटवले, तिथून कोलाज आधुनिक कलेत नांदू लागलं. ते कागद बाहेरच्या जगातून आलेले, त्यांवर अक्षरं, नक्षी, बातम्या. मातीसच्या कागदावर रंगाखेरीज काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बाबतीत 'चिकटवणं' हा शब्द जरा घाईचा आहे. डिंक शेवटी यायचा, कधीकधी महिन्यांनी.

१९४६ साली पॅरिसमधल्या घरात झोप न येणाऱ्या या म्हाताऱ्याने लिहायच्या पांढऱ्या कागदातून एक पाकोळी कापली. फेकवेना. भिंतीवर एक डाग होता, तो झाकायला पाकोळी तिथे लावून दिली. मग तिला सोबत म्हणून एक मासा आला. मग शेवाळ, पोवळी, आणखी पक्षी. सोळा वर्षांपूर्वी पाहिलेला ताहितीचा समुद्र त्या भिंतीवर आठवड्यागणिक चढत गेला, आणि शेवटी त्यातून 'ओशनिया' या नावाची आभाळ आणि समुद्र अशी दोन मोठी चित्रं झाली. सुरुवात डागापासून!

आमच्या घरी टाचण्या वापरायची माझी छाती झाली नाही. कागदी चिकटपट्टीच्या उलट्या वळकट्या करून तुकड्यांमागे लावल्या आणि कपाटाचं दार मुलांच्या ताब्यात दिलं. अट एकच, उद्या दुपारपर्यंत फेव्हिकॉलला हात लावायचा नाही. ही अट पाळणं मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांना जड गेलं. जाता-येता प्रत्येक जण काहीतरी सुचवी. भाची दूध पिताना एक तुकडा दोन बोटं सरकवून गेली आणि सगळ्या दाराचा तोल बदलला. चिकटवलेल्या कागदाशी फार बोलता येत नाही, लटकत असलेल्याशी येतं.

मग रंगांच्या शेजारपणाचा प्रश्न आला. भाचा तक्रार घेऊन आला की त्याचा राखाडी कागद 'खराब झाला', हिरवट दिसतोय. दिसत होताच, कारण तो लाल तावावर ठेवला होता. त्याच राखाडीचा दुसरा तुकडा हिरव्यावर ठेवला, तर तो लालसर. दोन्ही उचलून एकमेकांशेजारी धरले, तर अगदी सारखे. तीन वेळा त्याने खाली-वर केलं.

या तक्रारीला मोठा इतिहास आहे. पॅरिसच्या गोब्लँ या राजेशाही कारखान्यात गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणले जात. तिथल्या रंगशाळेचा प्रमुख शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. विणकरांची तक्रार आली की काळा धागा मरगळलेला दिसतो, रंग नीट चढलेला नाही. शव्रलने धागा तपासला. रंगात खोट नव्हती. खोट शेजाऱ्यांत होती. निळ्या-जांभळ्या धाग्यांजवळ बसल्यावर तोच काळा फिका वाटत होता. त्याने १८३९ साली यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढच्या चित्रकारांनी तो मन लावून वाचला. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस पदरावर ठेवून, मग उचलून काठावर ठेवून, मग दाराशी उन्हात नेऊन पाहणाऱ्या बायकांना शव्रलचं नाव ठाऊक नसतं, बाकी सगळं ठाऊक असतं.

डोळा एकेक रंग सुटा मोजत नाही, शेजाऱ्याशी ताडून पाहतो. लाल चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि मग पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर निळसर-हिरवा चौकोन तरंगू लागतो. डोळ्याच्या पडद्यातल्या लाल रंगाला जास्त दाद देणाऱ्या पेशी थकलेल्या असतात, आणि त्यांचा आवाज खाली गेला की विरुद्ध बाजूचा मोठा ऐकू येतो. म्हणजे लालाला शेजारी म्हणून हिरवा हवाच असतो. नाही दिला तर डोळा स्वतः तयार करतो. मुलांनी हा खेळ तासभर खेळला. भिंतीवरून न दिसणारे चौकोन पकडायचा खेळ.

हे सगळं एकत्र बघायचं असेल तर मातीसची 'गोगलगाय' बघावी. १९५३ सालचं काम, त्याचं वय त्र्याऐंशी. नीस शहरातल्या रेजिना या जुन्या हॉटेलच्या इमारतीत तो राहत असे, तिथे हे झालं. आता ते लंडनच्या टेट संग्रहालयाचं आहे. जवळपास चौरस आणि एकेक बाजू साधारण २.८७ मीटर, म्हणजे आपल्या घराच्या छताला टेकेल एवढं. पांढऱ्या जमिनीवर ओबडधोबड चौकोनी तुकडे, एकमेकांना खेटून गोल फिरत गेलेले. लालाशेजारी हिरवा, निळ्याशेजारी नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळट. मधे एक काळा. भोवती नारिंगी चौकट. शंख नाही, पाय नाही, शिंगं नाहीत.

"यात गोगलगाय कुठाय?" मुलांनी विचारलंच. आधी मातीसने खरीखुरी गोगलगाय हातात धरून तिची रेखाटनं केली होती. करता करता त्याच्या ध्यानात आलं की आपण जे पाहतोय ते शंख नव्हे, उलगडणं आहे. मग त्याने शंख गाळला आणि उलगडणं ठेवलं. अमूर्त चित्र म्हणजे काहीतरी अगम्य, असं आपण मुलांना नकळत शिकवतो. खरं तर ती चाळण आहे, आणि काय वर ठेवायचं, काय खाली सोडायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. या चित्राचं दुसरं नाव 'रंगांची रचना' अशा अर्थाचं आहे, म्हणजे गोगलगायही गाळली तरी चालेल.

म्हणून मुलांना मी 'झाड कापा', 'घर कापा' असं सांगितलं नाही. विचारलं, कुकर काय करतो? कसा दिसतो ते नको. भाच्याने विचार करून उत्तर दिलं, "आधी खूप वेळ गप्प बसतो आणि मग एकदम ओरडतो." त्याच्या कागदावर खाली एक मोठा, लठ्ठ, जवळपास सगळी जागा खाणारा राखाडी गोळा आला. वरच्या कोपऱ्यात नारिंगी कागदाचे तीन सुईसारखे तुकडे, त्यांतला एक कागदाची हद्द ओलांडून कपाटाच्या दारावर गेलेला. शिट्टी ऐकू आली मला. भाचीने पंखा घेतला. पाती नाहीतच, नुसते एका बाजूला कललेले निळे बाक, आणि सगळ्यांत खाली तिचं ते पहिलं हवेचं पान, हिरव्या कागदासकट. "ते वाऱ्याने आलंय," असं कारण मिळालं.

करून बघणार असाल तर थोडं व्यवहाराचं. पोस्टर कलरमध्ये पाणी कमी घाला, नाहीतर कागद पाणी पिऊन गुंडाळतो. वाळल्यावरही वाकला असेल तर रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवा. पेन्सिल आणि खोडरबर सरळ कुलपात. कापलेलं एका ताटात, उरलेलं दुसऱ्या ताटात, आणि केर काढायला येणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवा, आमची दोन सुंदर भोकं अशीच गेली. चिकटवताना खळ किंवा डिंक बोटभर, तेही मागून, कारण हा रंग ओला झाला की पुन्हा सुटतो. आणि चिकटवण्याआधी कागद एकदा उलटा करून बघा.

हे उलटं करणं थट्टा समजू नका. १९६१ सालच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीसचं 'ल बातो', म्हणजे 'होडी', हे कापकाम लागलं. वर शीड, खाली पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब. ते ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं आणि तोवर सुमारे एक लाख सोळा हजार माणसं समोरून गेली होती. हटकलं ते शेअर दलालीचा व्यवसाय करणाऱ्या जिनिव्हिएव्ह हॅबर्ट यांनी. त्यांचा तर्क साधा होता. खऱ्या शिडाचा आकार जास्त भरीव आणि प्रतिबिंबाचा कमी, मग भरीव तो खाली कसा असेल? रखवालदाराने लक्ष दिलं नाही, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राला कळवलं. चित्र सरळ झालं. मुलांना ही गोष्ट इतकी आवडली की तिसऱ्या दिवशी कुकर उलटा टांगलेला सापडला आणि घरातल्या कोणाच्या लक्षात येतं का, याची बाहेर पैज लागली होती.

मातीस १९५४ सालच्या ३ नोव्हेंबरला नीसमध्ये गेला. 'गोगलगाय'चं चित्र मोबाइलवर सहज मिळेल, ते मुलांसमोर धरा आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या फिक्या जांभळ्या तुकड्याची कड मोठी करून पाहा. तिथे कात्रीने कापलेली एक इवलीशी गोगलगाय आहे, शिंगांसकट.